टंग जॅकखाली काय ठेवायचं? ट्रेलरवाल्या वाचकांचे प्रश्न

अमेरिकेत कॅम्पिंगचा सीझन जवळ आला की ट्रेलरचे प्रश्न यायला लागतात, आणि या वेळी आलेल्यातले बरेचसे एकाच गोष्टीभोवती फिरतायत: ट्रेलरच्या अगदी पुढे, त्या तिकोनी लोखंडी सांगाड्यावर, म्हणजे टंगवर, उभा असलेला जॅक. म्हणून हा पूर्ण भाग त्यालाच दिलाय. ट्रेलर म्हणजे इथे ट्रक किंवा मोठ्या एसयूव्हीच्या मागे बॉलवर (लोखंडी गोळ्यावर) जोडून ओढतात तो ट्रॅव्हल ट्रेलर, फिफ्थ व्हील (ट्रकच्या हौद्यात जोडतात तो ट्रेलर) आणि मोटरहोमचं गणित वेगळं असतं, त्यांनी हे जसंच्या तसं लावू नये.

प्रश्न: ताई, आम्ही सेकंडहँड २५ फुटी ट्रेलर घेतलाय. हिल कंट्रीतल्या एका साइटला पुढच्या बाजूला बराच उतार होता, टंग जॅक पूर्ण वर घेतला तरी ट्रेलरचं नाक खालीच. शेवटी शेजारच्यांनी दोन पोकळ सिमेंटचे ब्लॉक दिले, ते एकावर एक ठेवून त्यावर जॅक टेकवला. लेव्हल झाली, पण आत मुलं चालली की सगळा ट्रेलर डुलायचा आणि जॅकचा पाय मला किंचित तिरका वाटत होता. हे चालतं का? नक्की काय ठेवायचं खाली?
(एक वाचक, ह्यूस्टन)

उत्तर: नाही चालत, आणि पुढच्या वेळी ते ब्लॉक कोणी दिले तरी घेऊ नका. पोकळ ब्लॉक भिंतीत लावायला बनवलेत, तिथे वजन त्यांच्यावर सगळीकडून सारखं पसरून येतं, इथे मात्र सगळं वजन जॅकच्या तळव्याएवढ्या पायातून नेमकं मधल्या पोकळीवर किंवा एखाद्या पातळ भिंतीवर येतं. सिमेंट आधी वाकून, करकरून काही सांगत नाही, एकदम फुटतं. लाकूड दबतं, चिरतं, आवाज करतं, म्हणजे बघणाऱ्याला वेळ तरी मिळतो. म्हणून जॅकखाली भरीव लाकूड किंवा त्याच कामासाठी बनवलेले प्लास्टिकचे लेव्हलिंग ब्लॉक, बाकी काही नाही.

आता वजन किती ते बघा म्हणजे मी एवढं का सांगतेय ते कळेल. सामान भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के वजन पुढे टंगवर असावं लागतं, नाहीतर रस्त्यावर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. तुमचा भरलेला ट्रेलर समजा ६,५०० पाउंडांचा असेल तर ६५० ते ९७५ पाउंड, आणि ट्रक सोडवला की हे सगळं त्या एका पायावर. जॅकचा गोल पाय साधारण ५ इंचांचा धरला तर ७५० पाउंडाला जमिनीवर दर चौरस इंचाला ३८ पाउंडांच्या आसपास दाब येतो, तोच पाय एक फूट बाय एक फूट जाड फळीवर ठेवला तर दाब ५ पाउंडांवर उतरतो. ओल्या मातीत, वाळूत, आणि टेक्सासच्या उन्हात मऊ झालेल्या डांबरावरसुद्धा हाच फरक असतो की सकाळी उठल्यावर जॅक जागेवर आहे का दोन इंच आत गेलाय. डांबर कडक दिसतं म्हणून लोक फळी ठेवत नाहीत आणि मग भर दुपारी पाय रुततो.

पण तुमच्या प्रश्नात फळीपेक्षाही महत्त्वाची गोष्ट आहे ती म्हणजे जॅक "पूर्ण वर" घेणं. हा जॅक म्हणजे एका नळीत दुसरी नळी आणि आत स्क्रू. बहुतेक जॅकची चाल १८ इंचांच्या आसपास असते. आतली नळी जेवढी बाहेर येते तेवढा दोन नळ्यांचा एकमेकींतला आधार कमी होतो, वर बाहेर आलेला भाग लांब होतो, मग बाजूने जरासा जरी धक्का बसला, मुलं आत पळाली, वारा आला, तर तो सगळा त्या नळीला वाकवायला बघतो. जॅक सरळ वर उचलायला बनवलाय, बाजूचा जोर सोसायला नाही. तुम्हाला पाय तिरका दिसला तो भास नसणार, आणि नळी खरंच वाकली असेल तर जॅक आत घेताना मध्येच अडकेल किंवा मोटर कण्हायला लागेल, तसं झालं तर तो जॅक बदला, सरळ करायच्या भानगडीत पडू नका. तीन बोल्टवर बसलेला असतो, बदलणं काही मोठं काम नाही.

तर सगळी युक्ती एवढीच की जॅकचा पाय कमीत कमी बाहेर यावा, उंची खालच्या लाकडाने भरून काढावी. आणि लाकूड किती लागणार हे ट्रक जोडलेला असतानाच ठरवायचं. बहुतेक जण इथेच घाई करतात, ट्रक सोडवतात, मग पाणसळ बघतात, मग कळतं की जॅक पुरत नाही, मग ट्रेलर पुन्हा ट्रकवर चढवा नाहीतर अर्धवट अवस्थेत खालचे ठोकळे बदला, आणि ते अर्धवट बदलणं फार धोक्याचं असतं.

म्हणून साइटवर उभे राहिलात की आधी ट्रेलरच्या बाजूला पाणसळ लावा आणि पुढे-मागे किती फरक आहे बघा. जॅकपासून चाकांच्या मध्यापर्यंतचं अंतर तुमच्या ट्रेलरला साधारण १६ फूट धरलं तर १ अंश बदलायला जॅकपाशी जवळजवळ ३.३ इंच लागतात. नाक २ अंश खाली असेल तर पावणेसात इंच वर न्यायचंय, तर आधीच जॅकखाली सहा-सात इंच लाकूड ठेवा, म्हणजे लेव्हल होईल तेव्हा जॅकचा पाय, आत्ता ट्रक जोडलेला असताना नुसत्या जमिनीवर टेकायला लागला असता साधारण तेवढाच बाहेर असेल. पाय पूर्ण आत घेतल्यावर खाली जेवढी जागा आहे त्यात मावेल एवढीच चळत रचता येते हे लक्षात ठेवा, आणि काही जॅकना खालच्या टोकाला पिनवर सरकणारा वाढीव पाय असतो, तो आधी वर घेऊन पिन लावली की जागा वाढते.

उलट साइट असेल, म्हणजे नाक आधीच वर आणि खाली आणायचंय, तर जॅकखाली फक्त एकच पातळ फळी. इथे सवयीने जाड ठोकळा ठेवलात तर जॅक पूर्ण आत गेला तरी नाक वरच राहील आणि मग ठोकळा काढायला जागाच नाही. नाक फारच वर असेल तर दोन्ही बाजूंची चाकं फळ्यांवर चढवून तेवढी उंची चाकांना द्यायची, नाहीतर सरळ दुसरी साइट मागायची, ऑफिसात विचारायला लाजू नका.

लाकडाचं सांगते. होम डेपो किंवा लोवेजमध्ये प्रेशर ट्रीटेड लाकूड मिळतं, तिथेच कापून देतात का ते विचारा. २x१२ ची फळी घ्या, तिचे फूट-फूट लांबीचे तुकडे, आणि ६x६ चे फूटभर लांबीचे दोन तुकडे. नावाला ६x६ असला तरी तो प्रत्यक्षात साडेपाच इंच असतो आणि २ इंची फळी दीड इंच असते, मोजताना हे धरा. खाली फळी, तिच्यावर दोन ६x६ शेजारी-शेजारी चिकटून, त्यांच्यावर आडवी दुसरी फळी, झाली साडेआठ इंच उंच आणि जवळजवळ फूटभर रुंद चळत. एकटा ६x६ उभा किंवा आडवा ठेवून त्यावर जॅक टेकवू नका, चळत उंचीपेक्षा रुंद असलीच पाहिजे आणि जॅकचा पाय बरोबर मधोमध. एका थराचे रेषे एका दिशेला तर वरच्याचे आडवे, म्हणजे फळी मध्ये चिरत नाही. प्लास्टिकचे जोडब्लॉक वापरणार असाल तर तेही पिरॅमिडसारखे, खाली जास्त वर कमी.

आता क्रम, कारण तुमचा ट्रेलर उतारावर आहे. आधी डावी-उजवी लेव्हल, ती चाकांखाली करायची, त्याचं पुढे एका प्रश्नात येतंय. मग दोन्ही बाजूंच्या चाकांना पुढून-मागून चॉक, म्हणजे चाक गडगडू नये म्हणून लावायची पाचर. नाक खाली असेल तर ट्रेलर ट्रककडे येणार, नाक वर असेल तर ट्रकपासून लांब पळणार, म्हणून त्या त्या बाजूचा चॉक जास्त घट्ट, पण लावायचे दोन्हीकडे. आणि आता एक गोष्ट जी फार लोक करत नाहीत आणि केलीच पाहिजे: चॉक लावल्यावर, जॅक खाली सोडायच्या आधी, ट्रकमध्ये बसून ब्रेकवर पाय ठेवून न्यूट्रल टाका, ब्रेक हळू सोडा, ट्रेलर चॉकवर जो काही अर्धा-एक इंच सरकायचा तो सरकू द्या, मग पार्क आणि हँडब्रेक. हे नाही केलं तर तो अर्धा इंच ट्रेलर तेव्हा सरकतो जेव्हा जॅक जमिनीवर टेकलेला असतो आणि कपलर (बॉलवर बसणारी ट्रेलरची पकड) नुकताच बॉलवरून सुटलेला असतो, म्हणजे सगळा आडवा जोर जॅकच्या पायाला. बरेचसे वाकलेले जॅक असेच वाकतात.

मग जॅक लाकडावर टेकवा, कपलरची खिटी उघडा, वर उचला. सेफ्टी चेन ट्रेलर बॉलवरून पूर्ण सुटून मिनिटभर स्थिर राहीपर्यंत काढू नका. ट्रक थोडा पुढे, मग जॅकने पुढे-मागे लेव्हल, आणि अगदी शेवटी चारी कोपऱ्यांचे स्टॅबिलायझर, म्हणजे ट्रेलर डुलू नये म्हणून टेकवायचे पाय.

एक राहिलं, तुमच्याकडे वेट डिस्ट्रिब्यूशन हिच, म्हणजे लांब बारांनी टंगचं वजन पुढे-मागे वाटणारी जोडणी, असेल (६,५०० पाउंडाला बहुतेक वेळा लागतेच) तर त्याचे बार चढवताना-उतरवताना जॅकने ट्रेलरचं नाक आणि त्यासोबत ट्रकची मागची बाजू पण उचलावी लागते. तेव्हा जॅकवर टंगच्या वजनापेक्षा बरंच जास्त वजन येतं. म्हणून ८०० पाउंडाच्या टंगला २,००० पाउंडाचा जॅक पुरेल असं हिशोब करू नका, ३,५०० चा घ्या.

प्रश्न: ताई, उन्हाळ्यात आई-बाबा पुण्याहून येतात, त्यांना ट्रेलरने फिरवायला आवडतं पण बाबा पायरीवरून चढताना ट्रेलर हलला की घाबरतात, रात्री कोणी बाथरूमला उठलं तरी आईला जाग येते. स्टॅबिलायझर अजून घट्ट केले तर हलणं थांबेल ना? आणि लेव्हल करताना त्यांना आतच बसू दिलं तर चालेल का, बाहेर ऊन असतं.
(एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर: दुसऱ्याचं आधी सांगते कारण ते जास्त महत्त्वाचं आहे. ट्रक सोडवताना आणि लेव्हल करताना आत कोणी नको, लहान मूल नको, आजारी माणूस नको, कोणीच नको. त्यांना ट्रकमध्येही बसवू नका, सावलीत घडीच्या खुर्च्या टाकून द्या, पाण्याची बाटली द्या, आणि तुमचं काम नीट, न धावता करा.

आता हलण्याचं. स्टॅबिलायझर जास्त घट्ट करून हलणं थांबत नाही, वर फ्रेमला पीळ पडतो, मग दार नीट लागत नाही, स्लाइड (ट्रेलरचा बाहेर सरकणारा भाग) अडकते. ते उचलायला नाहीतच, जमिनीला टेकले, जोर लागला, अजून थोडंसं फिरवलं की बस. दार घासायला लागलं तर समजा जास्त झालंय. त्यांच्या पायांखाली पण फळ्या ठेवा, कारण जॅकसारखेच ते जेवढे कमी उघडतील तेवढे ताठ राहतात.

पायरीवर चढताना जे हलतं ते बहुतेक वेळा पुढे-मागे हलतं, चाकं चॉकच्या फटीत किंचित मागेपुढे गडगडतात म्हणून. तुमच्या ट्रेलरला दोन ॲक्सल असतील तर दोन टायरांच्या मध्ये बसवून फाकवायचा चॉक मिळतो, एक्स-चॉक म्हणतात, तो दोन्ही बाजूंना लावा, फरक लगेच कळेल. तो नेहमीच्या चॉकच्या जोडीला लावायचा, त्यांच्याऐवजी नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत एकदा आवळायचा कारण टायर गरम-थंड झाले की तो सैल पडतो. जॅकचा पाय खूप बाहेर असेल तर मात्र हे सगळं करूनही नाक डुलत राहील, वर ह्यूस्टनच्या वाचकांना लिहिलंय ते तुम्हालाही लागू आहे.

बाबांसाठी अजून दोन गोष्टी करा. ट्रेलर लेव्हल करताना चाकांखाली जेवढ्या फळ्या जातात तेवढी दारातली पायरी जमिनीपासून उंच होते, म्हणून शक्यतो साइट सपाट मागा आणि दाराची बाजू उंच करावी लागणार नाही असा ट्रेलर लावा. आणि घडीच्या पायरीखाली शेवटच्या पायरीला टेकू देणारा स्टँड ठेवा, जिथे पाय पडतो तिथेच आधार मिळतो, शिवाय दाराशी धरायला मजबूत दांडा बसवून घ्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हलणारी पायरी फार त्रासाची, आणि ते बोलून दाखवत नाहीत, तुम्हालाच बघावं लागतं.

प्रश्न: पुढचा जॅक इलेक्ट्रिक आहे, बटण दाबलं की काम होतं. डाव्या-उजव्या बाजूला थोडं कलतं राहिलं तर काय बिघडतं? एवढ्यासाठी परत ट्रक हलवायचा कंटाळा येतो.
(एक वाचक, बे एरिया)

उत्तर: तुमच्या ट्रेलरमधला फ्रिज कुठला आहे त्यावर आहे. प्रोपेन गॅस आणि वीज दोन्हींवर चालणारा असेल तर तो ॲब्झॉर्प्शन फ्रिज, त्यात कंप्रेसर नसतो, अमोनिया आणि पाणी मागच्या नळ्यांतून नुसत्या उताराने वाहत असतं. ट्रेलर उभा असताना बराच वेळ कलता राहिला तर ते एका जागी साचतं, ती नळी तापत राहते आणि फ्रिज कायमचा जातो, आणि तो फार महाग असतो. अशा फ्रिजसाठी साधारण मर्यादा एका दिशेला ३ अंश आणि दुसऱ्या दिशेला ६ अंश अशी देतात, तुमच्या मॅन्युअलमध्ये कुठल्या दिशेला किती ते बघून घ्या. चालत्या गाडीत प्रश्न येत नाही कारण सगळं हिंदकळत असतं. १२ व्होल्टवर चालणारा नवीन कंप्रेसरवाला असेल तर त्याला एवढं नाही.

फ्रिज सोडला तरी कलत्या ट्रेलरमध्ये तव्यातलं तेल एका बाजूला जातं, शॉवरचं पाणी ड्रेनकडे जायच्या ऐवजी उलट कोपऱ्यात थांबतं, आणि रात्रभर डोकं खाली पाय वर झोपून सकाळी डोकं धरतं.

आणि हो, टंग जॅक मध्यभागी आहे, त्याने डावं-उजवं होत नाही, कितीही बटण दाबलं तरी. ते करायचं ट्रक जोडलेला असतानाच, खालच्या बाजूच्या चाकांखाली फळ्या किंवा वक्र रॅम्प ठेवून ट्रक पुढे-मागे घेऊन. दोन ॲक्सल असतील तर त्या बाजूचे दोन्ही टायर सारखे उचलायचे, एकच नाही, आणि टायर फळीच्या बाहेर लटकता कामा नये. डाव्या-उजव्या टायरांमधलं अंतर सहा फुटांच्या आसपास असतं, म्हणजे १ अंशाला सव्वा इंच, एक फळी टाकली तरी बहुतेक साइटवर काम होतं. कंटाळा येतो हे समजतं, पण दहा मिनिटांचं काम आहे. दोघं असाल तर एकाने पाणसळीपाशी उभं राहून फोनवर सांगायचं, ओरडाओरडी नको. आता ब्लूटूथवर फोनलाच दोन्ही बाजूंचे इंच दाखवणारी लेव्हल पण मिळते, घेतलीत तर एकट्यालाही जमतं.

प्रश्न: अप्पर पेनिन्सुलातल्या एका कॅम्पसाइटवरून निघताना इलेक्ट्रिक जॅक अर्ध्यावर बंद पडला. ना वर ना खाली. अशा वेळी काय करायचं?
(एक वाचक, मिशिगन)

उत्तर: घाबरायचं नाही, स्क्रूवर चालणारा जॅक बंद पडला तरी आपोआप खाली येत नाही, ट्रेलर जिथे आहे तिथेच राहतो. बहुतेक इलेक्ट्रिक जॅकना वर एक रबराची टोपी असते, ती काढली की आत हाताने फिरवायची सोय असते आणि त्यासाठीचा हँडल जॅकसोबत मिळतो. तो हँडल ट्रेलरमध्ये पलंगाखाली नका ठेवू, ट्रकमध्ये ठेवा. हाताने फिरवायला बराच वेळ लागतो, पण काम होतं.

मग कारण शोधा. बॅटरीजवळच्या वायरवर एक फ्यूज असतो, बहुतेक ठिकाणी ३० अँपचा, तो आधी बघा, आणि दोन फ्यूज जवळ ठेवत जा. फ्यूज ठीक असेल तर बॅटरी: पूर्ण भरलेली लेड ॲसिड बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, रात्रभर हीटर चालला असेल तर सकाळी ती उतरलेली असणारच, अशा वेळी ट्रकची सात पिनची वायर जोडून इंजिन चालू ठेवा किंवा साइटच्या विजेला लावा. तेही ठीक असेल तर अर्थिंग, आणि जुन्या ट्रेलरवर बहुतेक वेळा हेच निघतं. पुष्कळ जॅकना एकच वायर असते, परतीचा रस्ता जॅकच्या बोल्टमधून फ्रेममध्ये जातो, तिथे रंग असला किंवा गंज चढला, आणि मिशिगनच्या रस्त्यांवरच्या मिठाने चढतोच, की करंट पुरत नाही. बोल्ट काढून खालची जागा चकचकीत होईपर्यंत घासा, दातेरी वॉशर टाकून परत आवळा.

याच्या जोडीने एक सांगते, काही जण उभ्या ट्रेलरला जादा ब्रेक म्हणून ब्रेकअवेची (ट्रेलर ट्रकपासून सुटला तर ब्रेक लावणारी) पिन ओढून ठेवतात, तसं करू नका. ती पिन निघाली की ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक लागतात आणि बॅटरी रिकामी होईपर्यंत लागलेले राहतात, मग जॅक कशावर चालणार? उभ्या ट्रेलरला चॉक, दुसरं काही नाही.

प्रश्न: हिवाळ्यात पाच-सहा महिने ट्रेलर ड्राइव्हवेच्या बाजूला मातीवर उभा असतो. तेवढे महिने जॅकवरच ठेवला तर चालेल का?
(एक वाचक, टोरांटो परिसर)

उत्तर: नुसत्या जॅकवर नका ठेवू. जॅकने नाक हवं तेवढं वर घ्या, मग त्या तिकोनी सांगाड्याच्या दोन्ही दांड्यांखाली, कपलरच्या थोडं मागे, आधार द्या. जॅकस्टँड द्या किंवा लाकडाची चळत द्या, पण तिच्याखाली रुंद फळी, आणि मग जॅक एवढाच आत घ्या की वजन आधारावर बसेल आणि जॅकचा पाय नुसता टेकलेला राहील. नळीचा उघडा भाग जेवढा कमी तेवढा गंज कमी, जो उघडा आहे त्याला सिलिकॉनचा कोरडा स्प्रे मारा.

कॅनडात मातीचं एक वेगळं दुखणं आहे, पाणी गोठलं की जमीन वर फुगते आणि वसंतात वितळली की खाली बसते, चारी आधार सारखे बसत नाहीत. म्हणून खोल गाडलेली किंवा छोट्या पायाची वस्तू नको, रुंद फळ्या हव्यात, आणि मार्च-एप्रिलमध्ये महिन्यातून दोनदा जाऊन बघा की एखादा आधार सुटून लटकत तर नाही ना. स्टॅबिलायझर हिवाळाभर जोरात लावून ठेवू नका, हलके टेकलेले पुरे. छतावरचं वितळलेलं पाणी मागे वाहून जावं म्हणून नाक किंचित वर ठेवलेलं बरं, फ्रिज तर बंदच असतो, त्यामुळे एवढ्या कलाने काही होत नाही. बॅटरी काढून घरात नेत असाल (न्यायलाच हवी, उतरलेली बॅटरी थंडीत गोठून फुटते) तर वसंतात आधार काढताना बॅटरी आधी बसवावी लागेल, नाहीतर सगळं हाताने फिरवावं लागेल.

प्रश्न: आमचा ट्रेलर छोटा आहे, टिअरड्रॉप, पुढच्या जॅकला चाक आहे. कॅम्पवर त्या चाकावरच उभा ठेवतो. ठीक आहे का?
(एक वाचक, नॉर्थ कॅरोलायना)

उत्तर: ते चाक गॅरेजमध्ये ट्रेलर हाताने फिरवायला आहे. कॅम्पवर चाक काढून तिथे सपाट पाय लावता येत असेल तर तो लावा, नसेल तर चाक बसेल असा खोलगट ब्लॉक मिळतो त्यात ठेवा. मुख्य चाकांना चॉक लावल्याशिवाय काहीच नाही, ट्रेलर हलका असला तरी उतारावर तो माणसाला ऐकत नाही, हाताने अडवायला जाऊ नका.

प्रश्न: फिनिक्सजवळ हायवेच्या कडेला ट्रेलरचा टायर बसला. मदतीला थांबलेल्या एकाने सांगितलं की ट्रक सोडवून टंग जॅकने नाक खाली करा, मागे फ्रेमखाली ठोकळा लावा आणि नाक परत वर घ्या, चाक आपोआप उचललं जाईल. मी नाही केलं, रोडसाइडवाल्यांना बोलावलं. पण ही पद्धत बरोबर आहे का?
(एक वाचक, ॲरिझोना)

उत्तर: नाही केलंत ते फार चांगलं केलंत. असं करणारे आहेत, काहींचं निभावतंही, पण विचार करा त्यात काय होतं. ट्रक सुटलेला, ट्रेलर चाकांवरून उचलला जातोय म्हणजे चॉकचा उपयोग संपत चाललाय, आणि अख्खा ट्रेलर मागचा एक ठोकळा आणि पुढचा तो एक पाय एवढ्यावर, जॅकवर टंगच्या वजनाच्या कितीतरी पट. बाजूने एक मोठा ट्रक वाऱ्यासारखा गेला तरी तो हलेल, आणि तेव्हा तुम्ही चाकापाशी गुडघ्यावर असाल.

बरोबर पद्धत उलट आहे: ट्रेलर ट्रकला जोडलेलाच ठेवायचा, ट्रकचा हँडब्रेक लावायचा, दुसऱ्या बाजूच्या चाकांना पुढून-मागून चॉक. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करायचे. मग बाटली जॅक किंवा फ्लोअर जॅक फळीवर ठेवून ट्रेलर बनवणाऱ्याने मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी लावायचा, बहुतेक ट्रेलरला ती जागा ॲक्सलच्या जवळ फ्रेमखाली असते. ॲक्सलच्या नळीच्या मधोमध नाही, ती वाकते. टायर जमिनीवरून सुटेल एवढंच उचलायचं, आणि फ्रेमखाली स्टँड लावल्याशिवाय हात आत घालायचा नाही. दोन ॲक्सल असतील तर त्याच बाजूचं चांगलं चाक रॅम्पवर चढवलं की फुटलेलं चाक हवेत येतं, ॲरिझोनाच्या उन्हात तापलेल्या डांबरावर हे जास्त सोपं आणि जास्त सुरक्षित, म्हणून तो वक्र रॅम्प नेहमी बाहेरच्या कप्प्यात, हाताला येईल असा ठेवा. पण कितीही नीट झालं तरी वाहत्या हायवेच्या बाजूला, रहदारीच्या अंगाचं चाक असेल तर स्वतः करू नका, पुढच्या एक्झिटपर्यंत हळू नेता येत असेल तर न्या, नाहीतर तुम्ही केलंत तेच करा.

आणि नवीन चाक लावून निघालात की पहिल्या ५० मैलांत थांबून नट टॉर्क रेंचने परत तपासायचे, रोडसाइडवाल्यांनी लावलं असलं तरी.